एकाच पांघरुणाखाली

जामखेडच्या आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात दर आठवड्याला आसपासच्या खेड्यांतल्या बायका मुक्कामाला येऊ लागल्या. दिवसभर शिकायचं, एकत्र जेवायचं आणि रात्री तिथेच जमिनीवर आडवं व्हायचं. पांघरायला सगळ्यांना मिळून एकच भलंमोठं पांघरूण. गावात जिला विहिरीच्या काठावर चढू देत नव्हते ती बाई आणि जिच्या घरची ती विहीर होती ती बाई, दोघी त्याच्याखाली शेजारी शेजारी. पहाटे गारठा वाढला की एकीने आपल्याकडे ओढायचं आणि पलीकडच्या चौघींना जाग यायची.

आपल्याकडच्या आरोग्यशिक्षणाचा इतिहास समित्यांच्या अहवालांतून सांगितला जातो. या पांघरुणाची नोंद त्यात फारशी सापडत नाही. पण डॉक्टर, नर्स, सुईण आणि गावातली आरोग्य कार्यकर्ती यांनी एकमेकांजवळ बसून शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कळायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

आज या शिक्षणाला 'आंतरव्यावसायिक शिक्षण' असं जड नाव आहे. वेगवेगळ्या आरोग्य व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावं, असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये यावर एक अहवाल काढला आणि २०१० मध्ये कृती-आराखडा प्रसिद्ध केला. यातलं 'सोबत' सोपं आहे. एका हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या की झालं. 'विषयी'सुद्धा व्याख्यानातून जमतं. खरी मेख आहे ती 'कडून' या शब्दात. एमबीबीएसच्या मुलाने एएनएमकडून, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेकडून शिकायचं, एएनएमने सुईणीकडून शिकायचं, हे आपल्या समाजात सहजासहजी घडत नाही. जिथे ते घडलं त्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि त्यातल्या काही ठळक जागा महाराष्ट्राच्या खेड्यांत आहेत.

आरोग्य कार्यकर्त्याला केंद्रस्थानी ठेवण्याची कल्पना मात्र स्वातंत्र्याच्या आधीची. काँग्रेसने १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचं काम कर्नल साहिबसिंग सोखी यांच्याकडे होतं. सोखी म्हणजे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक. लशी आणि औषधं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेतला माणूस. त्यांच्या उपसमितीने सुचवलं ते असं: दर हजार लोकांमागे एक आरोग्य कार्यकर्ता असावा, त्याला नऊ महिन्यांचं शिक्षण द्यावं आणि सगळ्या रचनेचा पाया त्याच्यावर उभा करावा. डॉक्टरांची संख्या वाढेपर्यंत वाट बघत बसायचं नाही, हा त्यातला धीट विचार होता.

पुढे भोर समिती आली. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ मध्ये बाहेर पडला. त्यात ४०,००० लोकवस्तीसाठीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा तक्ता आहे: दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, एक नर्स, चार प्रसाविका, चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहायक, एक फार्मासिस्ट आणि इतर पंधरा कर्मचारी. वाचताना वाटतं, हीच तर आरोग्याची टीम! डॉक्टर हा 'सामाजिक वैद्य' असावा, त्यासाठी विद्यार्थ्याला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं शिक्षण मिळावं, असंही समितीने लिहिलं. पण हे सगळे लोक नोकरीला लागेपर्यंत एकमेकांचं तोंड कुठे पाहणार, याचं उत्तर त्या तक्त्यात नाही. डॉक्टर मेडिकल कॉलेजात घडणार, नर्स नर्सिंग स्कूलच्या होस्टेलात, दाई आपल्या सासूच्या हाताखाली. भरती एकत्र, शिक्षण निरनिराळं. आरोग्य केंद्रात आजही दिसणारे कितीतरी ताण त्या वेगळेपणातून आले आहेत. सिस्टरला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं आणि नव्याने रुजू झालेला डॉक्टर तिला फक्त रजिस्टर आणायला सांगतो.

खेड्यात नेऊन शिकवायची सोय अगदीच नव्हती असं नाही. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेने रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९३९ मध्ये बंगालमधल्या सिंगूरला ग्रामीण केंद्र काढलं. पंजाबात लुधियानाजवळच्या नारंगवाल गावात कार्ल टेलर यांनी १९६०च्या दशकात संशोधनाचा मोठा तळ उभा केला. टेलर मिशनरी कुटुंबातले, मसुरीच्या डोंगरात जन्मलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झालेले. भारतातल्या सात मेडिकल कॉलेजांमधल्या ग्रामीण इंटर्नशिपचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आला. जॉन्स हॉपकिन्सचं नाव इथे लक्षात ठेवावं. पुढच्या गोष्टीत ते परत परत येतं.

सेवाग्रामच्या डॉ. सुशीला नायर जॉन्स हॉपकिन्सलाच सार्वजनिक आरोग्य शिकल्या होत्या. गांधीजींच्या निकटच्या सहवासात राहिलेल्या, पुढे १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री असलेल्या सुशीलाबहनांनी १९४४च्या सुमारास सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाने रुग्णालय सुरू केलं होतं, अवघ्या १५ खाटांचं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्याच आवारात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. खेड्यातलं मेडिकल कॉलेज ही त्या काळात विक्षिप्त वाटावी अशी गोष्ट. प्राध्यापक यायला राजी नाहीत, रस्ते धड नाहीत, उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा ४५च्या पुढे.

या कॉलेजने एक पायंडा पाडला. पहिल्या वर्षाची प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेणार. खादीच्या कपड्यातल्या पोरापोरींनी त्या गावात पंधरा दिवस शिबिरात राहायचं, प्रत्येकाला काही कुटुंबं वाटून द्यायची आणि शिबिर संपलं तरी पुढची काही वर्षं त्याच घरी जात राहायचं.

शिबिराची सकाळ जवळून पाहण्यासारखी असते. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी वही सावरत एका ओसरीवर येते. शरीररचनाशास्त्राचे पाठ अजून नीट सुरू झालेले नाहीत, स्टेथोस्कोप गळ्यात घालायची फक्त हौस आहे. आधी चहा, मग प्रश्न, हा गावाचा नियम. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, काल दिवसभरात काय काय खाल्लं? तेलाचा प्रश्न आला की घरातली बाई हसते. महिन्याला किती लागतं हे तिला ठाऊक असतं, पण एका माणसाला दिवसाला किती चमचे, असा हिशेब तिने कधी केलेला नसतो. मग ती डबा आणून दाखवते. दोघी मिळून अंदाज बांधतात. सुनेच्या बोटातून हिमोग्लोबिनसाठी रक्त घ्यायचं असतं, सून लाजते, सासू म्हणते आधी माझं घे. दुपारी आकडेवारी मांडताना त्या मुलीच्या लक्षात येतं की अंगणात जिची पाळी चुकल्याची कुजबुज ऐकली तिचं नाव गरोदर बायांच्या यादीत नाही. ते नाव असतं आरोग्यसेविकेच्या वहीत.

शिकणं सुरू होतं ते इथे. त्या वहीपाशी. पुस्तकातली गर्भवती आणि वहीतली गर्भवती यांच्यामधलं अंतर चालत जाऊन कापणारी बाई कोण, हे पहिल्याच वर्षी कळलेला डॉक्टर पुढे तिच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो.

सेवाग्रामच्याच परिसरात डॉ. उल्हास जाजू यांनी नागापूरपासून सुरू केलेला प्रयोग याच्या पुढे गेला. सुगीच्या वेळी गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी घालायची, ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचाराची हमी मिळायची. ज्वारीचा विमाच हा. गावातली बहुसंख्य घरं सामील झाली तरच योजना लागू, अशी अट होती. शिकाऊ डॉक्टरांनी तिथे जे पाहिलं ते कोणत्याही विषयाच्या अभ्यासक्रमात नव्हतं: उपचाराचा खर्च कोण कसा उचलतो, ग्रामसभेत कोण बोलतं आणि कोण बोलत नाही, गावाने निवडलेला कार्यकर्ता कुणाला जबाबदार असतो. औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्या माणसासमोर ज्वारीची रास पडलेली असली की त्याच्या मनात महागड्या टॉनिकचं नाव येत नाही.

१९७४ मध्ये 'मेडिको फ्रेंड सर्कल' हा गट तयार झाला. डॉक्टरांबरोबर समाजशास्त्रज्ञ आणि गावांत काम करणारे कार्यकर्तेही त्यात आले. त्यांच्या बैठकींना अधिकृत शिक्षण म्हणत नाहीत, पण त्या काळातल्या कितीतरी तरुण डॉक्टरांना औषधकंपन्यांबद्दल, स्त्रियांच्या आरोग्याबद्दल, दुष्काळाबद्दल दुसऱ्या शाखेच्या माणसांकडून ऐकायची पहिली संधी तिथेच मिळाली.

आता पुन्हा जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानात आलं की बरा होऊन गेलेला रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दारात उभा राहतो. दोघं जॉन्स हॉपकिन्सला गेले, कार्ल टेलरांचे विद्यार्थी झाले आणि भारतात परतून १९७० मध्ये जामखेडला आले. सुरुवात झाली ती जनावरांच्या दवाखान्याच्या जुन्या जागेत. दुष्काळाची वर्षं होती; लोकांनी आधी पाणी मागितलं, धान्य मागितलं, डॉक्टर नंतर. मग बोअरवेल आल्या. त्या खोदताना दलित वस्तीजवळच्या जागा निवडल्या गेल्या. सगळ्या गावाने तिथे पाण्याला यायचं.

आरोळ्यांची पहिली योजना फसली होती, हे मुद्दाम सांगायला हवं. प्रत्येक गावात एक एएनएम ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. शिकलेली, गणवेशातली तरुण नर्स परक्या गावात एकटी राहणार कशी? तिला भीती वाटे, गावाला ती परकी वाटे, बायका तिच्याजवळ मन मोकळं करत नसत. मग गावातल्याच माणसांनी विचारलं की आमच्याच एखाद्या बाईला का शिकवत नाही? अशा रीतीने पन्नाशीकडे झुकलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, कुणी विधवा तर कुणी नवऱ्याने टाकलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या.

यात नर्सचं काय झालं, हा जामखेडचा सगळ्यात महत्त्वाचा धडा असूनही तो मागेच राहिला. नर्सचं काम गेलं नाही, बदललं. ती शिक्षिका झाली. फिरत्या पथकात नर्स, समाजसेवक, कुष्ठरोगाचा सहायक कार्यकर्ता, गाडीचा ड्रायव्हर आणि लागेल तेव्हा डॉक्टर असे एकत्र गावोगाव जात. गावातली कार्यकर्ती आधी आपल्या माणसांबद्दल सांगे: कुणाच्या पाठीवर बधिर चट्टा आहे, कुणाचं मूल हडकलं आहे, कुणाचे दिवस भरत आले आहेत. नर्स तपासून खात्री करून घेई. त्यांना सुटलं नाही ते डॉक्टरकडे. म्हणजे दवाखान्याची नेहमीची उतरंड इथे उलटी रचली होती. पहिलं निदान करायचा मान सगळ्यात कमी शिकलेल्या बाईला होता.

अशा कामात त्या काळी वापरली जाणारी दंडपट्टी बघितली की हे कसं शक्य झालं ते समजतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची एक अरुंद पट्टी. तिच्यावर आकड्यांऐवजी तीन रंग. मुलाचा दंड साडेतेरा सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर हिरवा, साडेबारापेक्षा बारीक असेल तर लाल, मधला पिवळा. वाचता न येणारी बाई क्षणात सांगते, हे मूल लालमध्ये आहे. आणि तिच्याकडे जे आहे ते पट्टीकडे नाही: हे मूल लालमध्ये का गेलं? आई रोजगार हमीच्या कामावर जाते, मुलाला सात वर्षांची बहीण सांभाळते, सकाळची भाकरी दुपारपर्यंत वाळते. इंटर्नने हे ऐकलं की त्याला पोषणाचा अख्खा धडा समजतो.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या भागात दर हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत होती. पुढच्या दोन दशकांत हा आकडा कितीतरी खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतर देशाविदेशांतून शिकायला येणाऱ्यांची रीघ लागली. मेडिकलची मुलं, नर्सिंगची मुलं, समाजकार्याचे विद्यार्थी; आणि शिकवायला समोर त्याच नऊवारीतल्या बायका.

दिल्लीलाही हे दिसत होतं. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांची आणि वैद्यकीय शिक्षणाची सांगड घालायला सांगितलं. १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण वळण देण्यासाठी 'रोम' ही योजना आली. प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यायची, विद्यार्थ्यांना तिथे न्यायचं. त्यासाठी ब्रिटनकडून फिरत्या दवाखान्यांच्या मोठाल्या गाड्या मिळाल्या. खेड्याच्या अरुंद, खाचखळग्यांच्या रस्त्यांवर त्या चालवणं मुश्किल होतं, डिझेलही फार पीत. कित्येक ठिकाणी त्या कॉलेजच्या आवारात चिंचेखाली उभ्या राहिल्या. योजनेचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण गाडी गावात नेली तरी गाडीतली बसण्याची रीत तीच राहिली: पुढे सर, मागे विद्यार्थी, आणि सिस्टर आधीच एसटीने पोचलेली. पीएसएमची, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाची, पोस्टिंग म्हणजे आरामाचे दिवस, अशी समजूत मेडिकलच्या मुलांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, याचं खापर एकट्या मुलांवर फोडता येणार नाही.

सरकारी योजनेबाहेर, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अँटिया यांनी रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला गावातल्या बायकांना हाताशी धरून काम उभं केलं. कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात दुरुस्त करणाऱ्या या शल्यविशारदाला वाटे की वैद्यकाचं बहुतेक ज्ञान गावाच्या हाती देता येतं, आणि द्यायलाच हवं. स्थानिक हितसंबंधांच्या विरोधापुढे मांडव्याचं काम थांबलं. बाया शिकल्या, प्रश्न विचारू लागल्या, हे सगळ्यांना रुचणारं नव्हतं.

पुराव्याच्या पातळीवर शेवटचं पाऊल पडलं ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. हे दोघंही जॉन्स हॉपकिन्सचे विद्यार्थी. १९९५ पासून ३९ गावांमध्ये त्यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा अभ्यास केला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायका, त्यांचं नाव 'आरोग्यदूत', सुईणीच्या शेजारी बसून बाळंतपणाला हजर राहत. सुईण बाळ झेलायची. आरोग्यदूत ते कोरडं करून, वजन करून, ऊबदार पिशवीत ठेवायची, गुदमरलं तर श्वास द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही. जुनी आणि नवी विद्या एका खोलीत, एकाच बाजेपाशी. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून घरपोच नवजात सेवेचं काम देशभरच्या 'आशा' कार्यकर्त्यांकडे आलं.

या सगळ्यानंतर औपचारिक शिक्षणाचं काय झालं? नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामुळे १९९८ पासून ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्या शाखा एका छपराखाली आल्या. एवढी मोठी सोय इतर कितीतरी राज्यांना नव्हती. परीक्षा एका विद्यापीठाची झाली. वर्ग मात्र आपापले राहिले. आणि सेवाग्रामचा पायंडा अर्ध्या शतकाने देशाचा नियम झाला: २०२१-२२च्या बॅचपासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं दत्तक घेऊन शिक्षणभर त्यांच्या संपर्कात राहायला सांगितलं. सुशीलाबहनांनी हे पाहिलं असतं तर त्यांना समाधान वाटलं असतं. त्या २००१ मध्ये गेल्या.

दत्तक कुटुंबाचं हे काम एमबीबीएसच्या मुलांचं आहे. नर्सिंगच्या मुलींची ग्रामीण पोस्टिंग वेगळी, तिचं सर्वेक्षण वेगळं. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य आणखी वेगळं. त्यामुळे एकाच ओसरीवर सोमवारी मेडिकलची बस येते, गुरुवारी नर्सिंगची. दोन्हीकडे वह्या, दोन्हीकडे तोच प्रश्न: घरात माणसं किती, पाणी कुठून आणता? घरातली बाई दोनदा चहा टाकते. दोन्ही दिवशी गल्लीतून पुढे चालत घर दाखवायला असते ती आशाताई. कोणत्या घरात कुणाला कोणती गोळी सोसत नाही, कोणती सून माहेरी गेलीय आणि का, हे तिला तोंडपाठ असतं. मुलं आत बसून वही भरत असताना ती बहुतेक वेळा बाहेर, चपलांजवळ उभी असते.